कारंज्यामागचा पाट



पाणी आले की माणूस बघायला जातोच. कालव्याचे पहिले आवर्तन सुटले, चारीला पाणी लागले, की म्हातारेकोतारेसुद्धा काठी टेकत बांधावर येऊन उभे राहतात. काम काही नसते, नुसते पाणी पाहायचे असते. तेव्हा जगभरची माणसे एक कारंजे पाहायला हजारो मैल प्रवास करतात, याचे आपल्याला नवल वाटू नये.

हे कारंजे म्हणजे इटलीची राजधानी रोम इथले त्रेवीचे कारंजे. जगातल्या नामांकित कारंज्यांत त्याचा नंबर बहुधा पहिला लागेल. आज आपण तिकडे जाऊन येऊ. मात्र कारंजे पाहिले आणि माघारी फिरलो, असे करायचे नाही. शेतकऱ्याने वाहते पाणी पाहिले की त्याच्या मनात तीन प्रश्न उभे राहतात. हे येते कुठून? वर ते कुणाच्या ताब्यात आहे? आणि शेवटच्या माणसापर्यंत पोचते का? तेच तीन प्रश्न आपण रोमला विचारू.

आधी कारंजे पाहू

रोमच्या जुन्या भागातले रस्ते अरुंद आहेत. दोन्ही बाजूंना उंच घरे, त्यामुळे खाली ऊन फारसे उतरत नाही. अशा गल्लीतून चालताना आधी कानावर आवाज येतो, ओढ्याला पूर आल्यासारखा. माणसे आवाजाच्या दिशेने चालत राहतात. एक वळण संपते आणि समोर एका भल्यामोठ्या वाड्याची अख्खी भिंतच कारंजे झालेली दिसते. चौक लहान आणि कारंजे केवढे तरी! उंची २६ मीटर, म्हणजे सुमारे ८५ फूट. रुंदी ४९ मीटर, म्हणजे सुमारे १६० फूट. तिथे तीन रस्ते मिळतात म्हणून त्रेवी हे नाव पडले, असे सांगतात. इटालियन भाषेतही 'त्रे' म्हणजे तीनच.

बांधकाम त्रावेर्तिनो नावाच्या पिवळसर पांढऱ्या दगडाचे. मधल्या कमानीत ओशनस उभा आहे. पुष्कळ लोक त्याला नेपच्यून समजतात, पण हा ओशनस, साऱ्या पाण्याचा अधिपती. त्याचा रथ शिंपल्याचा आणि रथाला दोन समुद्री घोडे जोडलेले. एक घोडा शांत चालतो, दुसरा उधळलेला आहे. समुद्राचे हे दोन स्वभाव. बैलजोडीतला एक गरीब आणि एक मारका असला की गाडीवानाची काय गत होते, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

ओशनसच्या डाव्या हाताला, म्हणजे पाहणाऱ्याच्या उजवीकडे, आरोग्याची मूर्ती आहे. तिच्या हातातल्या प्याल्यातून साप पाणी पितो आहे. पाहणाऱ्याच्या डावीकडे समृद्धीची मूर्ती आहे. मतलब सरळ आहे. चांगले पाणी आले की घरात दोन गोष्टी येतात, निरोगी शरीर आणि भरलेली कणगी. त्याहून वर, अगदी माथ्याजवळ, आणखी चार मूर्ती आहेत. त्या आहेत भरपूर फळांच्या, शेताच्या सुपीकतेच्या, शरदातल्या पिकांच्या आणि फुललेल्या कुरणांच्या. खालच्या खडकावर कारागिरांनी दगडातच झाडेवेली कोरल्या आहेत. त्यांत अंजीर आहे, द्राक्षाचा वेलही आहे. इतक्या शहरी जागी, इतक्या श्रीमंती थाटात, शेवटी सांगितले आहे ते शेतीचेच.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या नजरेतून सुटायची नाही. हे कारंजे रस्त्याच्या पातळीहून खाली आहे. कुंडापाशी जायला पायऱ्या उतराव्या लागतात. असे का केले असेल? शोभेसाठी नव्हे. पाणीच तिथे खालच्या पातळीला येत होते, म्हणून. आता आपण पहिल्या प्रश्नाकडे वळू.

हे पाणी येते कुठून?

कारंजे पुरे झाले इसवी सन १७६२ मध्ये. पण ज्या पाटाने त्याला पाणी आणले तो पाट इसवी सनापूर्वी १९ व्या वर्षीचा आहे. म्हणजे कारंज्याहून पावणेअठराशे वर्षांनी थोरला!

पाट बांधणारा मार्कस आग्रिप्पा. तो रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याचा सेनापती आणि जावई. शहराबाहेर पूर्वेला आठ मैलांवर सालोने नावाचा भाग आहे, तिथे झरे आहेत. दंतकथा अशी की, तहानलेले शिपाई पाणी शोधत हिंडत होते. एका लहान मुलीने त्यांना झऱ्याची जागा दाखवली. शिपायांनी खणले तर पाणी उसळून आले. म्हणून पाटाचे नाव पडले 'आक्वा व्हिर्गो', म्हणजे कुमारिकेचे पाणी. त्रेवीच्या दर्शनी भिंतीवर दोन चित्रे कोरली आहेत. उजवीकडच्या चित्रात ती मुलगी झरा दाखवते आहे आणि डावीकडच्या चित्रात आग्रिप्पा पाटाचा नकाशा मंजूर करतो आहे. पाणी दाखवणारी पोर आणि कागदावर सही करणारा साहेब, दोघांनाही भिंतीवर जागा मिळाली, हे बरे झाले.

झरे आठ मैलांवर असले तरी पाट सरळ आणला नाही. जमिनीचा उतार धरत, वळसा घेत तो शहरात उत्तरेकडून आणला. त्यामुळे लांबी झाली सुमारे २१ किलोमीटर. त्यातला १९ किलोमीटर भाग जमिनीखालून जातो. उरलेला दोनएक किलोमीटर वरून, आणि त्यातला काही भाग कमानींवरून.

आता उताराचा हिशेब पाहा. झऱ्याची जागा समुद्रसपाटीपासून सुमारे २४ मीटर उंच आणि शहरातला शेवट सुमारे २० मीटरवर. एकवीस किलोमीटरमध्ये उतार अवघा चार मीटर! म्हणजे एका किलोमीटरला जेमतेम एक वीत. आपण रानात दोनशे फुटांची चारी काढताना कुठे पाणी तुंबते, कुठे उलटे फिरते, ते आठवा. उतार जास्त झाला तर पाणी तळ खरवडत जाते. कमी झाला तर गाळ बसतो आणि पाट भरतो. पंप नाही, वीज नाही, दुर्बीण नाही. मग एक वीत उतार एकवीस किलोमीटर कसा राखला असेल?

त्यांच्याकडे होती पाणसळ. वीस फूट लांबीचे लाकडी मेज, त्याला पाय, पायांना ओळंबे टांगलेले आणि वर मेजात कोरलेली पाण्याची खाच. वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर खाचेत पाणी ओतायचे. पाणी काठाला सारखे लागले की मेज सपाट. गवंडी आजही नळीत पाणी भरून लेव्हल काढतात, त्यातलाच हा प्रकार. जमिनीखालच्या भागासाठी वरून ठिकठिकाणी विहिरीसारखे उभे खड्डे घेतले. पुण्याच्या जुन्या कात्रज नळाला जसे उच्छ्वास आहेत, तसेच हे. त्यांतून माती बाहेर काढली आणि पुढे दुरुस्तीला माणसे आत उतरवायलाही तेच उपयोगी पडले. चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळली की तो पाण्यातही घट्ट धरतो, हे त्यांना ठाऊक होते.

हे सारे खणले कुणी? गुलाम माणसांचा त्यात मोठा वाटा होता. त्यांची नावे भिंतीवर नाहीत, हे विसरून चालणार नाही.

वर ते कुणाच्या ताब्यात?

दुसरा प्रश्न फार मोलाचा. पाट बांधला की काम संपत नाही, तिथून ते सुरू होते. आग्रिप्पाला हे पक्के ठाऊक होते. त्याने पाट राखण्यासाठी सुमारे २४० गुलामांची स्वतःची टोळी ठेवली होती. त्याच्या पश्चात ऑगस्टसने ती सरकारजमा केली. पुढे सम्राट क्लॉडियसने आणखी ४६० माणसे वाढवली. म्हणजे सातशे माणसे निव्वळ पाण्याच्या राखणीला. कुणी पाटावर गस्त घालायचे, कुणी हौद सांभाळायचे, कुणी फरशी उकरून पुन्हा बसवायचे, कुणी गिलावा करायचे.

इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्यावर फ्रॉन्टिनस नावाचा माणूस नेमला गेला. तो पूर्वी ब्रिटनचा सुभेदार राहिलेला, म्हणजे मोठा अधिकारी. तरी त्याने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट ठरवली. हाताखालच्या लोकांवर विसंबून खाते चालवायचे नाही, काम आधी स्वतः शिकायचे. त्याने नऊच्या नऊ पाट मोजले, वह्या तपासल्या आणि सारे लिहून ठेवले. ते लिखाण आजही उपलब्ध आहे. वाचले तर एखाद्या पाटकऱ्याचीच वही वाचतो आहोत, असे वाटते.

तपासणीत निघाले काय? वहीतले पाणी आणि पाटातले पाणी जुळेना. रोममध्ये पाणी वेळेवर मोजत नसत, तोटीवर मोजत. ज्याला परवाना त्याच्या नळाच्या तोंडाशी काशाची तोटी, तिचे माप ठरलेले आणि तिच्यावर सरकारी शिक्का. फ्रॉन्टिनसला सापडले ते असे. कुठे तोटी परवान्याहून मोठी, कुठे तोटीवर शिक्काच नाही. कुठे तोटी हौदात मुद्दाम खाली बसवलेली, कारण खालची तोटी जास्त पाणी ओढते. परवाना एकाकडून दुसऱ्याकडे गेला की पाणी सोडणारे नोकर हौदाला नवे भोक पाडायचे, जुने तसेच ठेवायचे आणि त्या जुन्या भोकाचे पाणी विकून खायचे. रस्त्याच्या फरसबंदीखाली चोरट्या नळ्यांचे जाळे पसरलेले. आणि पाटाकाठचे जमीनमालक आपल्या बागांसाठी पाटालाच भोक पाडून मोकळे!

मंडळी, हसू येते ना? एकोणीसशे वर्षांपूर्वीची ही तक्रार. देश वेगळा, भाषा वेगळी, पण पाणी फोडणारा माणूस तोच. फ्रॉन्टिनसने चोरट्या नळ्या उपटल्या, तेव्हा त्यांतून निघालेले शिसेच पुष्कळ भरले. चोरी थांबली आणि नवा झरा सापडावा तसे पाणी वाढले.

त्या वेळचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. पाण्याचा परवाना माणसाला मिळे, जमिनीला नव्हे. माणूस वारला किंवा त्याने जमीन विकली की परवाना रद्द. वारसाने किंवा नव्या मालकाने पुन्हा अर्ज करायचा. त्याही आधीच्या काळात तर नियम आणखी कडक होता. पाणी आधी सार्वजनिक हौदाला जायचे आणि हौद भरून जे वाहून जाईल तेवढेच खासगी माणसाला द्यायचे. कमानींच्या दोन्ही अंगांना पंधरा फूट आणि जमिनीखालच्या पाटाच्या दोन्ही अंगांना पाच फूट जागा मोकळी ठेवायची. तिथे घर नको, झाड नको, कारण मुळे दगड फोडतात. दुरुस्तीबाबत फ्रॉन्टिनसचे म्हणणे असे की, पाट बंद करायचा तर ऐन उन्हाळ्यात करू नये, सामानसुमान आधी गोळा करून ठेवावे आणि एका वेळी एकच पाट बंद करावा. म्हणजे लोकांची तहान अडत नाही. या नियमांत आज बदलावे असे काय आहे?

रोमच्या एका गल्लीत, त्रेवीपासून हाकेच्या अंतरावर, या पाटाच्या जुन्या कमानीचा एक भाग उभा आहे. त्यावर शिलालेख आहे. आधीच्या सम्राटाच्या, म्हणजे कॅलिगुलाच्या काळात कमानी मोडल्या होत्या. त्या क्लॉडियसने इसवी सन ४६ मध्ये नव्याने बांधल्या, असे त्यात लिहिले आहे. दुरुस्त करणाऱ्याचे नाव सगळेच लिहितात. इथे मोडणाऱ्याचेही नाव दगडात कोरलेले आहे.

पाट तुटला तेव्हा

राजे कितीही थोर असोत, पाटाचा खरा शत्रू युद्ध आणि हेळसांड. इसवी सन ५३७ मध्ये गॉथ लोकांचा राजा व्हिटिगेस याने रोमला वेढा घातला. शहराला वाकवायचे तर पाणी तोडा, हे त्याने ओळखले आणि शहराबाहेर सगळे पाट फोडले. आत सेनापती बेलिसारियस होता. पाट फुटताच शहरातल्या पाणचक्क्या बंद पडल्या, दळण अडले. बेलिसारियसने तायबर नदीत नावा बांधून त्यांवर चक्क्या बसवल्या आणि पीठ मिळू लागले.

त्याच वेढ्यातली एक हकिगत प्रोकोपियस या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. तो त्या वेळी बेलिसारियसबरोबर होता. पाट कोरडा पडल्यावर काही गॉथ शिपाई रात्री मशाली घेऊन आक्वा व्हिर्गोच्या बोगद्यातून शहरात शिरायची वाट शोधू लागले. वेशीवरच्या एका पहारेकऱ्याला जमिनीलगतच्या फटीतून उजेड चमकलेला दिसला. त्याने सोबत्यांना सांगितले. ते म्हणाले, लांडगा गेला असेल, त्याचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट बेलिसारियसच्या कानावर गेली. त्याने ताबडतोब बोगद्यात माणसे उतरवली, तर आत मशालींचे थेंब पडलेले! तेव्हापासून बोगद्यावर पहारा बसला. एका पहारेकऱ्याने पाहिलेले सांगितले आणि वरच्याने ते हसण्यावारी नेले नाही, म्हणून शहर वाचले.

शहर वाचले, पण पाणी गेले. एके काळी दहा लाखांच्या घरात वस्ती असलेले रोम पुढच्या शतकांत काही दहा हजार माणसांवर आले. लोक नदीकाठाला सरकले, तायबरचे गढूळ पाणी आणि विहिरींचे पाणी पिऊ लागले. पखालीवाल्यांकडून पाणी विकत घेण्याचे दिवस आले. आक्वा व्हिर्गो बहुतेक जमिनीखाली असल्यामुळे पुरा मोडला नव्हता. मधूनमधून डागडुजी होऊन थोडेथोडे पाणी येत राहिले. जे झाकलेले होते ते टिकले.

मग १४५३ मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पाट दुरुस्त करवला. त्या काळी रोमचे राज्यही पोपच चालवत. पाटाच्या शेवटाला एक साधा दगडी हौद बांधला. तोच त्रेवीचा आरंभ. १५७० पर्यंत सालोनेच्या मूळ झऱ्यांपासून पाट पुरा साफ झाला आणि पाणी पुन्हा भरपूर येऊ लागले. आधी पाणी आले, शोभा नंतर आली, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शोभेची गोष्ट

शोभेला मात्र पैसा लागतो. सतराव्या शतकात पोप आठवे अर्बन यांनी बेर्निनी या नामवंत शिल्पकाराला मोठे कारंजे करायला सांगितले आणि खर्चासाठी वाइनवर कर बसवला. लोकांनी टोमणे मारले, की प्याला महाग करून आता आम्हाला पाणी पाजणार काय! १६४४ मध्ये पोप वारले आणि काम राहिले. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी पोप बारावे क्लेमेंट यांनी लॉटरीच्या उत्पन्नातून पैसा उभा केला. निकोला साल्वी या शिल्पज्ञाचा नकाशा पसंत पडला आणि १७३२ मध्ये काम सुरू झाले. काम पुरे झालेले साल्वीला पाहायला मिळाले नाही. तो १७५१ मध्ये वारला. ज्युसेप्पे पान्निनी याने काम शेवटास नेले आणि १७६२ मध्ये कारंजे खुले झाले. तीस वर्षे आणि दोन कारागीर!

एक गमतीची आख्यायिका सांगतात. चौकात एका न्हाव्याचे दुकान होते. तो रोज दारात उभा राहून साल्वीच्या कामाला नावे ठेवायचा. साल्वी बोलला काही नाही. त्याने उजव्या कठड्यावर एक भलामोठा दगडी कलश अशा जागी बसवला, की न्हाव्याला दुकानातून कारंजे दिसेनासेच झाले. खरेखोटे देव जाणे, पण कलश आजही तिथे आहे.

शेवटच्या माणसापर्यंत पोचते का?

आता तिसरा प्रश्न. आक्वा व्हिर्गोचे पाणी एकट्या त्रेवीला जात नव्हते. स्पॅनिश पायऱ्यांच्या चौकात १६२७ ते १६२९ या काळात केलेले नावेचे कारंजे आहे. तिथे पाण्याला दाब कमी, उंच उडायचे नाही. मग कारागिराने काय केले? अर्धवट बुडालेली नाव कोरली आणि ती रस्त्याच्या पातळीखाली बसवली. पाणी नावेतून झिरपते आहे असे दिसते आणि उणीव झाकली जाते. नावोना चौकात बेर्निनीने १६५१ मध्ये केलेले चार नद्यांचे कारंजे आहे. चार खंडांच्या चार नद्या. त्यांत आशियाची म्हणून आपली गंगा! आपल्याकडे ती गंगामाई, तिथे मात्र हातात वल्हे घेतलेला दाढीवाला पुरुष. पण रोममध्ये गंगेची मूर्ती आहे, हे ऐकून बरे वाटते.

पण माझ्या मते रोममधले सर्वांत पाहण्यासारखे कारंजे त्रेवीचे नव्हे. रस्त्यांच्या कडेला बिडाचे साधे खांब आहेत, त्यांना नाकासारखी वाकडी तोटी. म्हणून त्यांना 'नासोने' म्हणतात, म्हणजे मोठे नाक. १८७४ पासून हे बसवले जाऊ लागले आणि आज ते अडीच हजारांच्या आसपास आहेत. थंडगार, पिण्याचे पाणी रात्रंदिवस वाहते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून पाण्याची धार उडते आणि उभ्याउभ्या पाणी पिता येते. पैसा नाही, पेला नाही, जातपात नाही, देशी-परदेशी नाही. रस्ता झाडणारा आणि मोटारीतून उतरलेला, दोघे एकाच तोटीला तोंड लावतात. ही शहराची पाणपोईच म्हणायची.

यातही अडचण आली. २०१७ च्या उन्हाळ्यात तिकडे मोठा दुष्काळ पडला. रोमलाही पाणीकपातीची भाषा ऐकावी लागली आणि यांतले पुष्कळ नासोने बंद करावे लागले. सतत वाहू देणे ही उधळपट्टी आहे, असे काहींचे मत पडले. इतरांचे म्हणणे होते की, जमिनीखालच्या जुन्या नळांतून त्याहून कितीतरी जास्त पाणी गळते, आधी ते बघा. फ्रॉन्टिनस असता तर तोही आधी गळतीच मोजायला निघाला असता.

आणि आक्वा व्हिर्गोचे काय? तो पाट आजही वाहतो. मात्र मधल्या काळात शहर त्याच्या माथ्यावर चढले. पाच फूट मोकळी जागा सोडायचा जुना नियम कुणाच्या लक्षात राहिला नाही. त्यामुळे जुन्या पाटाचे पाणी आता पिण्यासाठी वापरत नाहीत, ते शोभेच्या कारंज्यांना जाते. पिण्याचे पाणी वेगळ्या बंद नळांनी येते. त्रेवीच्या कुंडातले पाणीही पंपाने फिरवून पुन्हापुन्हा वापरतात. ज्या पाण्याच्या गुणासाठी आरोग्याची मूर्ती उभी केली, ते तिच्यासमोर ओंजळीने पिता येत नाही. त्रेवीच्या चौकात उभे राहून याचे वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्या गावांतली मुले-मुली आता शिक्षणाला, नोकरीला युरोपात जातात. कुणी आईवडिलांना बोलावून घेते. तशी संधी आली तर त्रेवीला अगदी पहाटे जावे. दिवसा गर्दीत कारंज्यापेक्षा डोकीच जास्त दिसतात. डिसेंबर २०२४ मध्ये साफसफाई होऊन कारंजे पुन्हा खुले झाले, तेव्हा कुंडापाशी एका वेळी चारशेच माणसे सोडायची असे ठरवण्यात आले. पाण्यात उतरू नये, दंड होतो. १९६० च्या एका सिनेमातल्या नटीने ते केले आणि जगभर गाजले, पण तो सिनेमा होता.

कुंडाकडे पाठ करून उजव्या हाताने डाव्या खांद्यावरून नाणे टाकले की पुन्हा रोमला येणे होते, अशी समजूत आहे. आपणही नदीवरून एसटी जाताना पैसा टाकतोच की. रोमची नाणी मात्र वाया जात नाहीत. ती ठराविक वेळी गोळा करतात आणि कारितास या कॅथलिक सेवासंस्थेला गोरगरिबांसाठी देतात. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम वर्षाला दहा लाख युरोंच्या वर गेली आहे.

नाणे टाकून झाले की जवळच्या त्रितोने रस्त्यावर जावे. तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या तळघरात आक्वा व्हिर्गोच्या कमानी उघड्या ठेवल्या आहेत. वर कपडे, अत्तरे यांची विक्री चालू असते आणि खाली दोन हजार वर्षांपूर्वीचे दगड दिसतात. तिथे गर्दी नसते. त्रेवीसमोर हजार माणसे आणि पाटासमोर चार. तरी पाट नसता तर त्रेवीला कुणी गेले असते का?

त्या कमानीला हात लावून पाहावा. पाटाचा उतार धरणारे, त्यातला गाळ उपसणारे, चोरटी भोके बुजवणारे हात कुणाचे होते, ते कुठेच लिहिलेले नाही. पण एक वीत उतार त्यांनी चुकू दिला नाही, आणि ज्या ज्या पिढीने गाळ काढला त्या त्या पिढीला पाणी मिळाले.

आपल्या चारीचा गाळ यंदा काढून झाला का?